जुन्या गळाचा दोष
जुन्या बाजारात गळ, शिशाची वजने, माशांना भुलवणारे लाकडी नकली मासे विकत घेणाऱ्याला हिंसेचा दोष लागतो का? बौद्ध परंपरेत उपासकाला शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य आहे. गळाचा वेगळा उल्लेख तिथे नाही. जैन आचार अधिक काटेकोर, आणि इथे तोच अधिक उपयोगी. जैन आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, म्हणजे हिंसादान, हा अनर्थदंडाचा, निष्कारण पापाचा, एक प्रकार मानला आहे. त्यामुळे विक्रेताही सुटत नाही. अमेरिकेतील संग्राहक मात्र असे जुने लाकडी मासे काचेच्या कपाटात ठेवतात. जैन आचार्य उमास्वातींच्या व्याख्येत प्रमादातून घडलेला प्राणघात म्हणजे हिंसा. या संग्रहात प्राणघातच नाही. असा खरेदीदार निर्दोष ठरतो. केवळ करमणुकीसाठी गळ टाकणारा, मासा पुन्हा पाण्यात सोडणारा हौशीसुद्धा, ठरत नाही.