परत द्यावयाच्या दगडाचा अर्थ

इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय ही एक संहिता आहे, हे विधान आता नवे राहिलेले नाही. मात्र संहितेतील एखादे चिन्ह मूळ भूमीला परत द्यावयाचे ठरते, तेव्हा त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न केवळ अन्वयार्थाचा उरत नाही. तो नैतिक होतो.

बर्लिन येथील जर्मन इतिहास संग्रहालयाच्या संग्रहातील केप क्रॉसच्या दगडी क्रूसाचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. सुमारे साडेतीन मीटर उंचीचा हा स्तंभ पोर्तुगीज दर्यावर्दी दिओगो कांव याने १४८६ मध्ये आजच्या नामिबियाच्या किनाऱ्यावर रोवला. १८९३ मध्ये, ती भूमी जर्मन वसाहत असताना, तो जर्मनीत नेण्यात आला. १८९५ मध्ये त्या जागी प्रतिकृती उभी राहिली. २०१७ मध्ये नामिबियाने मागणी केली आणि २०१९ मध्ये क्रूस परत करण्याचा निर्णय झाला.

वरवर पाहता ही सरळ परतफेड वाटते. परंतु येथे एक पेच आहे. हा क्रूस नामिबियाच्या लोकांनी घडविलेला नाही. त्यांच्या भूमीवर परक्या राजाचा हक्क सांगणारा तो लेख आहे. निर्मितीवरून स्वामित्व ठरवावे, तर तो पोर्तुगालचा. जतनावरून ठरवावे, तर जर्मनीचा. या दोन्ही युक्तिवादांत एक घटक अनुपस्थित राहतो : ज्यांच्या भूमीवर, त्यांना न विचारता, हा मजकूर कोरला गेला ते लोक. नामिबियाचा दावा, माझ्या मते, या तिसऱ्या अधिकारातून उभा राहतो. क्रूस त्यांच्याकडे वारसा म्हणून येत नाही, पुरावा म्हणून येतो. आणि पुराव्याच्या वाचनाचा पहिला हक्क ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा असतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, उद्या तेथे कोणी तो मोडला, तर ज्ञानाची हानी होईल. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. पण अट घालून दिलेली वस्तू परत दिली असे होत नाही; पालकत्वाची ती नवी आवृत्ती ठरते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सत्तेने याच भूमीत हेरेरो व नामा लोकांचा संहार केला. त्या मानाने पोर्तुगिजांनी रोवलेला दगड परत देणे सोपे. त्या सौजन्यात मोठ्या ऋणाचा विसर पडू शकतो. म्हणूनच संग्रहालयाची कसोटी रिकाम्या होणाऱ्या जागेपाशी लागते. क्रूस येथे कसा आला आणि का गेला, हे तेथे सांगितले गेले नाही, तर संहितेतून एक शब्द गाळला गेला, एवढेच घडेल.