प्रारब्ध आणि पोरवय
चाळिशीत माणूस खचला की आपण 'प्रारब्धाचे भोग' म्हणून मोकळे होतो. पण 1998 साली विन्सेंट फेलिट्टी आणि सहकाऱ्यांनी सॅन दिएगोतल्या हजारो प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. लहानपणी मारहाण, हेटाळणी, घरातलं व्यसन असे चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न कैक पटींनी जास्त आढळले. म्हणजे कारण याच जन्मात, बहुधा त्याच घरात शोधायला हवं. तेवढंच सोसून काहीजण खंबीर राहतात, हे खरं. पण सगळ्यांना ताप येत नाही म्हणून साथ खोटी ठरत नाही. प्रारब्ध मानल्याने दुखावलेल्याला धीर येतो, हेही मी नाकारत नाही. मात्र तो आधार ज्याचा त्याने निवडावा. दाराआड मार खाणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीला पूर्वसंचित सांगणं म्हणजे मारणाऱ्याला पाठीशी घालणं. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या शेजाऱ्यालाही ते दार ठोठावावं लागेल, 1098 या बाल-हेल्पलाइनवर फोन करावा लागेल. गप्प बसणं हेही त्याचंच कर्म आहे.