न दिसणाऱ्या कष्टाचे मोल

सेमिनरीत असताना आम्ही रोज सायंकाळी फुटबॉल खेळत असू. संघ पाडताना पुढच्या फळीसाठी चढाओढ असे, एखाद्या उंच्यापुऱ्या गड्याला गोलात उभे केले जाई, आणि मधली जागा उरलेल्यांच्या वाट्याला येई. मी त्या उरलेल्यांपैकी. तेव्हा मधल्या फळीतील खेळाडूंविषयी माझ्या मनात थोडा पक्षपात आहे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

ज्याच्या निमित्ताने हे लिहीत आहे, तो खेळाडू क्लॉद मकेलेले. त्याचा जन्म १९७३ साली किन्शासा येथे, तेव्हाच्या झैरे देशात झाला. बालपणीच तो कुटुंबासह फ्रान्सला आला. नांत संघाकडून १९९५ मध्ये फ्रान्सचे विजेतेपद, पुढे मार्सेय, नंतर स्पेनमधील सेल्टा व्हिगो आणि २००० साली रिअल माद्रिद, असा त्याचा प्रवास झाला.

माद्रिदच्या संघात त्या काळी नक्षत्रांची दाटी होती. लुईस फिगो, झिनेदिन झिदान, ब्राझीलचा रोनाल्डो. मकेलेलेचे काम निराळे होते. बचाव फळीच्या किंचित पुढे राहायचे, प्रतिस्पर्ध्याची चढाई आकार घेण्यापूर्वीच मोडायची, चेंडू हिसकावून जवळच्या सहकाऱ्याच्या स्वाधीन करायचा आणि पुन्हा आपल्या जागी यायचे. रॉबेर्तो कार्लोस डाव्या बगलेतून सुसाट पुढे जाई, कारण मागे पडलेले खिंडार कोण बुजवणार याची त्याला चिंता नसे. या कामातला मोठा भाग तर मोजताच येत नाही. मकेलेले वाटेत उभा आहे हे पाहून प्रतिस्पर्ध्याने जो पास दिलाच नाही, त्याची नोंद कोणत्या वहीत होणार? तीन हंगामांत त्याने माद्रिदकडून लीगमध्ये एकही गोल केला नाही. त्याच तीन हंगामांत संघाने दोनदा स्पेनचे आणि २००२ मध्ये युरोपचे विजेतेपद मिळवले.

२००३ च्या उन्हाळ्यात त्याने वेतनवाढ मागितली. त्याचे वेतन त्या नामांकित सहकाऱ्यांच्या तुलनेत फारच कमी होते. क्लबने नकार दिला. मकेलेलेने सरावाला जाणे थांबवले आणि अखेर तो लंडनच्या चेल्सी संघात गेला. त्याचे तंत्र सामान्य आहे, त्याचे पास दोन-चार मीटरपलीकडे जात नाहीत, तरुण खेळाडू येतील आणि लोक त्याला विसरून जातील, अशा आशयाचे उद्गार क्लबचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी काढले. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड बेकहॅमचे माद्रिदमध्ये थाटात आगमन झाले होते.

पुढचे सर्वश्रुत आहे. त्या हंगामात माद्रिद लीगमधील शेवटचे पाचही सामने हरून चौथ्या स्थानावर घसरले आणि स्पेनचे विजेतेपद त्यांना पुन्हा मिळाले ते थेट २००७ साली. इकडे चेल्सीने २००४-०५ च्या हंगामात ३८ सामन्यांत अवघे १५ गोल स्वीकारले आणि पन्नास वर्षांनी इंग्लंडचे विजेतेपद जिंकले. याचे सर्व श्रेय एकट्या मकेलेलेला देणे अर्थातच अन्यायाचे होईल. माद्रिदने त्याच सुमारास प्रशिक्षक देल बोस्क यांनाही निरोप दिला होता. तथापि, त्याच्या जागेला फुटबॉलजगतात त्याचेच नाव पडले, हे पुरेसे बोलके आहे.

आता प्रश्न असा, की वेतनवाढ मागून त्याने योग्य केले काय? आधीच कोट्यधीश असलेल्या माणसाने आणखी धन मागावे आणि करार मोडायला निघावे, याला लोभ म्हणावे की न्यायाची मागणी? सेल्टा सोडतानाही त्याने दबाव आणल्याची तक्रार झाली होती. तो काही संत नव्हे. कराराचा शब्द ही लहान गोष्ट नाही, आणि सरावावर बहिष्कार टाकला तेव्हा त्याने सहकाऱ्यांनाही वेठीस धरले, असे मला वाटते. पण मागणी आणि मार्ग यांत भेद केला पाहिजे. मार्ग चुकला म्हणून मागणी खोटी ठरत नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा पुरस्कार केला, तेव्हा त्यांच्यासमोर उपाशी मजूर होता, माद्रिदचा फुटबॉलपटू नव्हे. उदरनिर्वाहाचा प्रश्न येथे नाहीच. पण न्यायाचे दुसरेही एक अंग आहे. ज्याच्या श्रमावर आपण उभे आहोत, ते श्रम आहेत हे कबूल करणे. मकेलेलेला कमी दिले, त्यापेक्षा अधिक खुपते ते हे, की त्याचे काम हे कामच नव्हे असे त्याला ऐकवण्यात आले.

आपण मात्र याहून गोड भाषा वापरतो. मूकपणे राबणाऱ्याची निःस्वार्थ म्हणून स्तुती करतो आणि ती स्तुती हाच त्याचा मोबदला समजतो. हे मी अनुभवाने लिहितो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात देवळाची दारे उघडणारा, घंटा वाजवणारा, वेदीची तयारी करणारा एक सेवक होता. पहाटे साडेपाचला तो हजर असे. मुलीच्या शिक्षणाचा खर्च वाढल्यामुळे एकदा त्याने पगारवाढीविषयी विचारले. मी त्याला सेवेच्या थोरवीवर चांगली दहा मिनिटे ऐकवली. तो खाली मान घालून ऐकत राहिला, “बरं, फादर,” म्हणाला आणि निघून गेला. त्या दिवशी मी लोभावर बोललो असे मला वाटले होते. वास्तविक मी धर्मग्रामाचे पैसे वाचवत होतो. नम्रता हा सद्गुण ज्याचा त्याने स्वतःपुरता जोपासावा. दुसऱ्याच्या नम्रतेवर आपला हिशेब बसवण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? पगार पुढे वाढवला गेला, पण तो दीड वर्षाने, आणि तोही दुसऱ्या कोणी तरी वित्त समितीत विषय काढल्यावर.

७ मे २००५ रोजी चेल्सीला घरच्या मैदानावर विजेतेपदाचा करंडक मिळायचा होता. चार्लटनविरुद्धचा सामना अखेरच्या मिनिटांपर्यंत बरोबरीत होता. पेनल्टी मिळाली, तेव्हा सहकाऱ्यांनी ती मकेलेलेला घ्यायला दिली. त्याचा फटका गोलरक्षकाने अडवला. चेंडू परत आला आणि त्याने तो कसाबसा आत ढकलला. चेल्सीसाठी त्याचा तो पहिलाच गोल. सारा संघ त्याच्या अंगावर झेपावला.