प्रकाशाचें उटणें

माझी एक जुनी विद्यार्थिनी तुळजापूरजवळच्या एका शाळेंत शिक्षिका आहे. गेल्या महिन्यांत ती आमच्या घरीं एक चमत्कारिक प्रश्न घेऊन आली. तिच्या दोन्ही गालांवर वांग आले आहेत आणि पंचेचाळिशीच्या रेघाहि कपाळावर उमटूं लागल्या आहेत. सोलापुरांतील एका डॉक्टरानें तिला लेसर सुचविला, दुसऱ्यानें प्रखर प्रकाशाचे झोत. "सर, ह्यांतलें कोणतें घ्यावें?" त्वचेविषयींचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला विचारावा, ह्यांतच त्याचें खरें स्वरूप उघड होतें. तिला निवड करून नको होती. अनुज्ञा हवी होती.

तथापि साधनांतील भेद समजून न घेतां अनुज्ञेची भाषा करणें हा आळस होय. लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एका लयींत चालणारा प्रकाश. त्याचें तत्त्व आइन्स्टाइननें १९१७ सालीं मांडलें आणि मेमननें १९६० सालीं माणकाच्या कांडीपासून तो प्रत्यक्षांत आणला. दुसऱ्या प्रकारांत झेनॉनच्या दिव्यांतून सुमारें ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचे अनेक तरंग एकत्र निघतात व त्यांतले नकोसे गाळणीनें अडवितात. योग्य तरंग व योग्य कालमान साधल्यास त्वचेंतील ठराविक घटकच तापतो आणि भोंवतालचा भाग बचावतो, हें अँडरसन व पॅरिश ह्यांनीं १९८३ सालीं दाखवून दिलें. गोऱ्या कातडीवरील तपकिरी डागांना व लाल शिरांना मिश्र प्रकाशाचे झोत मानवतात. सुरकुत्यांसाठीं त्वचेंतील पाणी तापविणारा कार्बन-डाय-ऑक्साइड लेसर अधिक समर्थ, परंतु जखमहि तोच अधिक करतो.

आमची अडचण निराळी आहे. ज्या रंगद्रव्याचा डाग झाला, तेंच रंगद्रव्य आमच्या सांवळ्या त्वचेंत सर्वत्र भरलेलें असतें. डाग कोणता व कातडी कोणती, हें मिश्र प्रकाशाला नीट उमगत नाहीं. भाजण्याचा आणि उलट नवे काळे डाग पडण्याचा संभव वाढतो. १०६४ नॅनोमीटरचा लेसर हें रंगद्रव्य कमी शोषतें, म्हणून सांवळ्यांना तो त्यांतल्या त्यांत सौम्य. वांग तर असा हट्टी विकार कीं, दोन्ही उपायांनीं तो चिडूं शकतो, आणि गेला तरी उन्हाबरोबर परततो. धाराशिव जिल्ह्याचें ऊन काय वर्णावें! आधीं त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं मलम लावून व ऊन टाळून पाहा, झोतांची घाई करूं नको, असें मीं तिला सांगितलें.

"पण मुळांत हें करावें कीं नाहीं?"

माझ्या ओठांवर नश्वर देहाविषयींचें ठराविक प्रवचन आलें होतें. इतक्यांत स्वयंपाकघरांतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "आधीं तुमचा कलप सांगा तिला." गेलीं बारा वर्षें मी केंसांना कलप लावतों, हें खरें आहे. प्रवचन गिळावें लागलें.

कृत्रिमतेचा आक्षेप तसाहि टिकण्यासारखा नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील तेर येथें एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली आहे. तिच्याशीं साम्य असलेली दुसरी, इसवी सन ७९ मध्यें राखेखालीं गडप झालेल्या पाँपेईंत १९३८ सालीं मिळाली. ती आरशाची मूठ असावी असा एक तर्क आहे. आरशापुढें बसणें हें कांहीं आजचें खूळ नव्हे.

ययातीची कथा ह्या प्रसंगीं हटकून सांगतात. परंतु मला वाटतें, ययातीचा दोष तारुण्य इच्छिण्यांत नव्हता. त्या तारुण्याचें मोल पुरूनें भरलें, ह्यांत होता. च्यवनऋषींनाहि अश्विनीकुमारांनीं तरुण केलें, आणि त्यांना कोणी दूषण देत नाहीं. (त्या देववैद्यांना सोमरसाचा वांटा मिळवून द्यावा लागला, वैद्यांची फी तेव्हांहि हलकी नव्हती.) तेव्हां प्रश्न असा कीं, आपल्या उजळ गालांचें मोल कोण भरतें? फी आपण भरतों. पण शिक्षकांच्या खोलींतील इतर चेहरे त्यानंतर अकारण म्हातारे दिसूं लागतात, आणि घरांतली सोळा वर्षांची सांवळी मुलगी आईकडे पाहून आपल्या रंगाचा हिशेब मांडूं लागते.

हें मीं बोलून दाखविल्यावर ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पहिलींतल्या एका पोरीनें परवां विचारलें, बाई, तुम्हांला भाजलं का? त्याचें मोल मीं भरलें, सर."

ह्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. माझ्या युक्तिवादांत पुरू होता, परंतु रोज वर्गापुढें उभा राहणारा तिचा चेहरा नव्हता. वांगांवर उपचार करण्याविरुद्ध मी एक शब्दहि काढूं शकत नाहीं, असें मीं कबूल केलें. कपाळावरच्या रेघांविषयीं मात्र माझें मन अजून साशंक आहे. "त्या आईच्या कपाळावरहि अगदीं अश्शाच होत्या," ती म्हणाली, आणि त्या ठेवाव्यात कीं घालवाव्यात, हें न सांगतांच छत्री उघडून भर दुपारीं निघून गेली.

कलपाची बाटली अद्याप आमच्या फडताळांत आहे.