ॲलिसची साद

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या ह्यूस्टन या लहानशा गावी १९९८ साली ॲलिस नावाची घुबडीण आली. ग्रेट हॉर्न्ड आउल, आपल्या शृंगी घुबडाच्या नात्यातली. पिल्लू असताना घरट्यातून पडून तिचं पंखाचं कोपर मोडलं होतं. दुसरी इजा डोळ्यांना दिसणारी नव्हती. माणसांच्या हातून घास घेत वाढल्यामुळे तिने माणसालाच आपली जात मानलं होतं. पुढे तिचा सांभाळ करणाऱ्या कार्ला ब्लूम यांनाच ती जोडीदार समजून साद घालू लागली.

मोडलेला पंख बघून लोक हळहळतात. गाडी, तार, बंदूक, कुणाला तरी दोष देता येतो. ॲलिसची दुसरी इजा अशी नाही. तिच्यामागे कुणाची वाईट बुद्धी नव्हती, आणि पंख शाबूत असता तरीही याच एका कारणाने तिला रानात सोडता आलं नसतं.

ॲलिससारख्या पक्ष्यांना शिक्षणासाठी लोकांपुढे आणतात, त्याबद्दल माझी कुरकुर होतीच: बिचाऱ्याचा खेळ कशाला? पण अमेरिकेतले नियम भाबडे नाहीत. पाय किंवा कोपरापासून पंख कापावा लागणार असेल, तर एरवी शस्त्रक्रिया न करता पक्ष्याला शांत मरण द्यावं, असा दंडक आहे. शिक्षणासाठी पक्षी ठेवायला वेगळा परवाना लागतो. रानात वाढलेला ससाणा कायमचा भेदरलेला राहणार असेल, तर त्याला हातमोज्यावर बसवण्यात दया कसली? हे ऐकायला कठोर वाटतं, पण मला पटतं.

ॲलिसच्या वाढदिवसाचा समारंभ २००३ साली सुरू झाला आणि त्याचा घुबडांचा महोत्सव झाला. तिच्या सादेमुळेच ब्लूम यांनी या जातीच्या आवाजांचा अभ्यास हाती घेतला. घुबड दिसलं की 'अशुभ' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी एकदा तिथे जाऊन यावं.

तिथे सांगतात ते साधं आहे. या घुबडांची पिल्लं उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात, खाली दिसली तरी आईबाप त्यांना भरवत राहतात. आपल्याकडे पिंगळ्याचं धडधाकट पिल्लू खाली दिसलं, तर कुत्र्यामांजरांपासून दूर, जवळच्या फांदीवर ठेवून बाजूला व्हावं. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं. दूध मात्र पाजू नये, पक्ष्यांना ते पचत नाही.