आईने कोणाला निवडायचे?

दर वर्षी २८ एप्रिल जवळ आला की संत जियाना बेरेट्टा मोला हिची आठवण आपल्या प्रवचनांतून आणि महिला मंडळाच्या प्रार्थनासभांतून निघते. गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: जियानाला गरोदरपणात कॅन्सर झाला, तिने उपचार नाकारले, बाळाला जन्म दिला आणि ती मरण पावली. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. पण त्या ऐकणाऱ्यांत एखादी अशी बहीणही बसलेली असू शकते, जिने पोटात बाळ असताना स्तनाच्या कॅन्सरसाठी केमोथेरपी घेतली आहे. ती मान खाली घालून घरी जाते. आपण स्वतःचा जीव बघितला, असे तिला वाटत राहते. म्हणून ही गोष्ट जशी घडली तशी आपण एकदा नीट समजून घेऊ या.

जियाना इटलीतील माजेंता येथे १९२२ साली जन्मली. ती स्वतः लहान मुलांची डॉक्टर होती. १९६१ मध्ये चौथ्या अपत्याच्या वेळी गरोदर असताना तिच्या गर्भाशयात गाठ आढळली. ती फायब्रॉईडची गाठ होती, कॅन्सरची नव्हे. तीन वाटा होत्या: गर्भाशय काढून टाकणे, गर्भपात करून गाठ काढणे, किंवा बाळाला धक्का न लावता फक्त गाठ काढणे. तिने तिसरी वाट निवडली आणि त्या सप्टेंबरात शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे तिने उपचार नाकारले नाहीत, उपचारच घेतला. फक्त बाळ वाचेल असा घेतला. २१ एप्रिल १९६२ रोजी, पवित्र शनिवारी, सिझेरियन करून तिला मुलगी झाली. पुढे पोटात जंतुसंसर्ग पसरला आणि आठवड्याभरात, २८ एप्रिलला, ती देवाघरी गेली. प्रसंग आलाच तर बाळाला वाचवा, असे तिने घरच्यांना बजावून ठेवले होते हे खरे. पण तिला मरायचे नव्हते. घरी तीन लहान मुले होती. १६ मे २००४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत म्हणून जाहीर केले, तेव्हा तिचे पती पिएत्रो आणि तिची मुले तिथे हजर होती.

आता जी बाब आपण सहसा सांगत नाही ती. जियानाने पहिली वाट निवडली असती, तरी ख्रिस्तसभेने तिला दोष दिला नसता. रोगट गर्भाशय काढताना हेतू रोग दूर करण्याचा असतो. बाळाचा मृत्यू कोणाला हवा नसतो, तो टाळता येत नाही एवढेच. पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये हे स्पष्ट शब्दांत मांडले होते. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीचा उपचार लागला, तो उपचार ती गरोदर आहे म्हणून नव्हे तर आजारी आहे म्हणून होत असला, आणि प्रसूतीपर्यंत थांबता येत नसेल, तर त्यातून बाळ दगावले तरी तो निष्पाप जिवावर केलेला थेट घाला ठरत नाही. गर्भपात निराळा, तिथे बाळाचा जीव घेणे हेच साधन बनते. ही रेषा काहींना बारीक वाटेल. पण ज्या घरावर ही वेळ येते त्या घराला ती फार मोठा आधार देते.

शिवाय १९६१ मध्ये नसलेले पुष्कळ काही आज डॉक्टरांच्या हाती आहे. साधारण हजार गरोदरपणांत एकदा कॅन्सर आढळतो. स्तनातला बदल गरोदरपणाचाच असेल असे समजून निदान लांबते. तेव्हा गाठ हाताला लागली तर थांबू नये. सोनोग्राफी आणि बायॉप्सी गरोदरपणातही करता येतात, शस्त्रक्रियाही करता येते. बाळाचे अवयव घडतात त्या पहिल्या तीन महिन्यांत केमोथेरपी टाळतात. त्यानंतर अनेक औषधे देता येतात आणि प्रसूतीच्या सुमारे तीन आठवडे आधी ती थांबवतात. रेडिएशन, ज्याला आपण शेक देणे म्हणतो, बहुधा बाळंतपणानंतर ठेवतात. बेल्जियमचे डॉक्टर फ्रेडरिक आमाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पोटात असताना आईला कॅन्सर होता अशा १२९ मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी बहुतेकांच्या आईला केमोथेरपी दिलेली होती. मुलांची बुद्धी आणि हृदय इतर मुलांसारखेच आढळले. फरक पडला तो वेळेआधी जन्मल्यामुळे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गर्भपात केल्याने आईचे आयुष्य वाढते, असेही अभ्यासांतून दिसलेले नाही. तेव्हा 'आई की बाळ' हा प्रश्न पुष्कळदा आपणच घाईने उभा करतो.

नेहमी मात्र असे नसते, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्याच महिन्यात रक्ताचा तीव्र कॅन्सर निघाला तर थांबायला वेळ नसतो. औषध घ्यावे तर बाळ जाण्याची भीती, न घ्यावे तर आई जाते आणि तिच्याबरोबर बाळही. अशा आईला आम्ही काय सांगावे? तिने औषध घ्यावे आणि बाळासाठी मनापासून रडावे, यात पाप नाही, एवढे आम्ही सांगू. काही आया थांबतात. रोमच्या कियारा कोर्बेल्ला पेत्रिल्लोला २०११ मध्ये गरोदर असताना जिभेचा कॅन्सर झाला. तिने पुढचे उपचार मुलगा जन्मेपर्यंत लांबवले आणि २०१२ साली अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली. असे दान देणारी ते स्वतःहून देते. सासूने, नवऱ्याने, शेजाऱ्याने किंवा धर्मगुरूने ते मागायचे नसते. 'जियानाने बघ कसे केले' हे वाक्य आजारी बाईच्या तोंडावर बोलण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही. उलट 'बाळ काय, पुन्हा होईल' म्हणून तिला गर्भपाताकडे ढकलणारेही आपल्याच मिस्साला येतात.

बोलण्याऐवजी करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्यातले रुग्ण पहाटेची गाडी धरून परळला जातात; रांगेत उभे राहायला कोणी सोबत हवे असते. थोरल्या मुलाला शाळेतून आणणे, रक्त देणे, वास सहन होत नाही अशा दिवसांत पेजेचा डबा पोहोचवणे, आणि नवऱ्याशी दोन शब्द बोलणे, कारण त्याला कोणी विचारत नाही. रुग्णाभ्यंग संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी असतो, हा समजही अजून गेलेला नाही. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, गरोदर मातेला तो घेता येतो. त्यासाठी फादरांना केव्हाही बोलवावे. रात्र असली तरी.