अन्न आणि पात्र

कुंभकोणमजवळच्या तिरुक्करुगावूर येथील मुल्लैवननाथाचे लिंग वारुळाच्या मातीचे मानले जाते. म्हणून इतर शिवालयांत होणारा जलाभिषेक तेथे होत नाही. लिंगाला पुनुगु या सुगंधी द्रव्याचा लेप देतात. भक्ती उणी पडली म्हणून पाणी अडवलेले नाही; मातीला पाणी सोसणार नाही, हे भक्तीने ओळखले आहे. उपासनेतील हा लहानसा नियम एका मोठ्या प्रश्नापाशी आणून सोडतो. देणाऱ्याचा भाव शुद्ध असला, म्हणजे देणेही शुद्ध होते काय?

याच क्षेत्रातील गर्भरक्षांबिकेची कथा भिक्षेपासूनच सुरू होते. गर्भभाराने थकलेल्या वेदिकेला दारी आलेल्या ऋषीला भिक्षा वाढता आली नाही आणि त्याने शाप दिला. देवीने तिचा गर्भ कुंभात राखला. जन्मलेल्या बाळाला कामधेनूने दूध दिले. ऋषीला समोरच्या देहाची अवस्था कळली नाही, देवीला ती कळली. शाप आणि रक्षण यांतील अंतर एवढेच आहे.

मराठी मनाला मुक्या प्राण्याला घास देण्याचा संस्कार नवा नाही. वैश्वदेवात श्वानाचा वाटा आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर घरोघरी ठाऊक आहेत. ती कथा सर्वांभूती देव पाहण्याची आहे, आहाराचा नियम सांगण्याची नव्हे. तिचे अनुकरण करणारा मात्र देव पाहतो आणि कुत्रा पाहायचे विसरतो. अतिस्निग्ध अन्नाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. कांदा-लसूण कुत्रा आणि मांजर या दोघांच्याही तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो, चॉकलेट दोघांनाही विषासमान आहे आणि शिजवलेल्या हाडाची कपची आतडे फाडू शकते. प्रेमाने दिले म्हणून यांतले काहीही निरुपद्रवी होत नाही.

खरा पेच मांजराचा आहे. माणसाच्या सहवासात कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती वाढत्या प्रमाणात लाभली, हे 2013 साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. मांजराचे तसे झाले नाही. टॉरिन हे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे घडवू शकत नाही. ते मुख्यतः मांसातून मिळते. त्याच्या अभावी दृष्टी जाते, आणि हृदयाचे स्नायूही दुर्बळ होतात, हे 1987 साली स्पष्ट झाले. बहुतेक प्रौढ मांजरांना दूधही नीट पचत नाही. मग शाकाहारी घराने दहीभातावर वाढवलेले मांजर अहिंसेचे पालन करते, की अहिंसेचा बळी ठरते?

व्रत हे घेणाऱ्याला बांधते. ज्याने ते घेतले नाही आणि ज्याला ते घेताही येत नाही, त्याच्यावर ते लादणे म्हणजे आपल्या पुण्याचा खर्च दुसऱ्याच्या देहावर टाकणे होय. पण याने प्रश्न संपत नाही, कारण मांजराला मांस देणे म्हणजे दुसऱ्या जीवाच्या मृत्यूला हातभार लावणे आहे. येथे निष्कलंक मार्ग नाही. ज्याला हा भार सोसवत नाही, त्याने मांजर न पाळणे अधिक प्रामाणिक. ज्याने पाळले, त्याने त्याला साजेसा संपूर्ण आहार द्यावा आणि त्यातील हिंसेचा वाटा नाकारू नये.

उपाशी भटक्या कुत्र्याबाबत एवढा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. भूक समोर असताना चिकित्सा करणे क्रूरपणाचे वाटते खरे. परंतु कांदा-लसूण व मसाला न घातलेला भात, हाडे काढलेले थोडे शिजवलेले मांस आणि स्वच्छ पाणी देण्यास पांडित्य लागत नाही. क्षणभर थांबावे लागते.

गीतेने सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांचे भान जोडले आहे. पात्र म्हणजे केवळ योग्यता नव्हे. ज्यात अन्न पडते ते भांडेही पात्रच, आणि प्रत्येक देह हे निराळे भांडे आहे. तिरुक्करुगावूरच्या गाभाऱ्यात पाण्याचा कलश लिंगावर रिता होत नाही. न देण्यातही तेथे पूजा घडते, कारण समोर काय आहे ते आधी पाहिले गेले आहे.